बनारसच्या माशा आणि पेशीतली परतीची वाट

मक्याचं पीठ, साखर, यीस्ट आणि अगर पाण्यात कालवून शिजत ठेवायचं. खदखदायला लागलं की ढवळत राहायचं, नाहीतर बुडाला लागतं. उतरवून जरा निवलं की बुरशी धरू नये म्हणून त्यात प्रोपिओनिक आम्ल आणि नेपाजिन घालायचं, काचेच्या बाटल्यांत बोटभर ओतायचं, थिजलं की कापसाचा बोळा घट्ट बसवायचा. फळमाशी पाळणाऱ्या जगातल्या बहुतेक प्रयोगशाळांत थोड्याफार फरकानं हाच खुराक रांधला जातो. वाराणसीच्या बनारस हिंदू विद्यापीठात, प्राणिशास्त्र विभागाच्या सायटोजेनेटिक्स प्रयोगशाळेतही कित्येक दशकं माशा पाळल्या जातायत. त्या माशांच्या डोळ्यांत, पंखांत आणि अंडाशयांत डोकावून तिथल्या संशोधकांनी पेशीच्या आत अखंड चालणाऱ्या मालवाहतुकीचा एक धागा धरला आणि पंधरा-वीस वर्षं सोडला नाही. हे प्रकरण त्या धाग्याबद्दल.

फळमाशी, म्हणजे ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टर, पाळायला स्वस्त. पिकल्या केळ्यावर घोंघावणारी हीच. पंचवीस अंश तापमानात अंड्यापासून माशी व्हायला दहा दिवस पुरतात, एक मादी काही शे अंडी देते आणि गुणसूत्रांच्या जोड्या असतात फक्त चार. तीस अंशांच्या आसपास मात्र नर वंध्य होतात. मे-जूनमध्ये बनारसचा पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, त्यामुळे इथं माशा पाळायच्या म्हणजे आधी थंडाव्याचा आणि विजेचा बंदोबस्त करायचा. एवढं केलं तर मोबदला मोठा आहे. माणसात रोगाशी संबंध असलेल्या जनुकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जनुकांचे भाऊबंद या माशीत सापडतात, आणि त्यातलं हवं ते बिघडवून पुढच्या महिन्यात परिणाम पाहता येतो. माणसावर असे प्रयोग करता येत नाहीत, उंदरावर करायचे तर वर्षं जातात.

विद्यापीठाची पायाभरणी १९१६ मध्ये झाली.  आपल्या गोष्टीला सुरुवात होते १९६० साली, सचिप्रसाद रायचौधुरी कोलकात्याहून इथं आले तेव्हा. क्ष-किरणांनी जनुकांत उत्परिवर्तनं होतात हे दाखवून नोबेल मिळवणाऱ्या हर्मन म्युलर यांच्या हाताखाली रायचौधुरींनी एडिंबरा इथं फळमाशीवरच काम केलं होतं. किरणोत्साराची ठरावीक मात्रा माशीला झटपट दिली काय आणि अगदी मंद गतीनं दिली काय, उत्परिवर्तनांचा हिशेब तोच येतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. १९४४ साली तो छापून आला आणि किरणोत्साराच्या ‘सुरक्षित’ पातळीबद्दलच्या वादात पुढे कित्येक वर्षं त्याचा दाखला दिला गेला. बनारसला त्यांनी पेशी आणि गुणसूत्रांच्या अभ्यासाची परंपरा उभी केली. जौनपूर जिल्ह्यातून आलेले लालजी सिंह त्यांचेच विद्यार्थी. सापांच्या लिंगगुणसूत्रांवर त्यांनी इथं पीएच.डी. केली, भारतात डीएनए ठसे तपासण्याचं तंत्र रुजवलं आणि २०११ साली ते याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

त्या परंपरेतलं पुढचं मोठं नाव सुभाषचंद्र लखोटिया. फळमाशीच्या तिसऱ्या गुणसूत्रावर एक जनुक आहे, ज्याच्यापासून प्रथिन बनतच नाही, नुसता लांबलचक आरएनए बनतो. अशा आरएनएला जगात कुणी विचारत नव्हतं तेव्हापासून लखोटिया त्याच्या मागे होते. (यांनीच आवळ्याचं रसायन आणि रससिंदूर माशांना खाऊ घालून त्याचे परिणाम मोजले. २०१२ साली ते प्रसिद्ध झाले. आयुर्वेदाची परीक्षा अशीही घेता येते.) त्याच गुणसूत्रावर, त्या जनुकाच्या शेजारच्याच आळीत, दुसरं एक जनुक राहतं. त्याचं नाव रॅब११. विभागातले दुसरे प्राध्यापक जगतकुमार रॉय आणि त्यांचे विद्यार्थी या जनुकामागे लागले.

रॅब११ काय करतं ते सांगायचं तर आधी पेशीत उतरायला हवं.

शाळेच्या पुस्तकात पेशीची आकृती असते. मधे केंद्रक, भोवती आंतर्द्रव्यजालिकेच्या घड्या, जरा पलीकडे गॉल्जी पिंडाच्या चपट्या थाळ्या, इकडेतिकडे लयकारिका आणि बाहेरून पटलाची सीमा. आकृती काढून, नावं देऊन चार गुण मिळतात. तिच्यात एक मोठी खोट आहे: सगळं जागच्या जागी बसलेलं दिसतं. खऱ्या पेशीत क्षणाक्षणाला या घड्यांच्या कडेला पटलाचा फुगवटा येतो, तो तुटून चिमुकली पिशवी होते, पिशवी प्रवास करते आणि दुसऱ्या पटलात मिसळून जाते. या पिशव्यांना पुटिका म्हणतात. बहुतेकींचा व्यास मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा किंवा त्याहून कमी असतो. बाहेर सोडायची संप्रेरकं आणि पाचकरस, पटलावर बसवायची प्रथिनं, बाहेरून आत घेतलेलं अन्न हे सगळं या पुटिकांतून ये-जा करतं.

पुटिकांची ही वाट पहिल्यांदा नीट दाखवली ती जॉर्ज पॅलेड यांनी, न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत. १९६० च्या दशकात त्यांनी आणि जेम्स जेमीसन यांनी गिनीपिगच्या स्वादुपिंडाच्या चकत्यांना तीन मिनिटं किरणोत्सारी अमिनो आम्ल पाजलं, मग साधं पाजलं आणि ठरावीक वेळानं पेशी रसायनात पक्क्या करून पाहिलं. नवं प्रथिन आधी आंतर्द्रव्यजालिकेवर दिसलं, काही मिनिटांनी गॉल्जीकडे सरकलेलं, तास-दोन तासांनी बाहेर पडायच्या तयारीत असलेल्या कणांत साठलेलं. पॅलेड यांना १९७४ चं नोबेल मिळालं. वाट कळली. ती चालवतं कोण, हे कळायचं राहिलं.

ते सांगितलं यीस्टनं. कॅलिफोर्नियात बर्कलेला रँडी शेकमन आणि त्यांचा विद्यार्थी पीटर नॉव्हिक यांनी अशी यीस्ट शोधून काढली की जी साध्या तापमानाला ठीक वाढते, पण सदतीस अंशांना नेली की तिची वाहतूक अडते. माल बाहेर पडत नाही, आतल्या आत तुंबतो आणि पेशी जड होते. जड झालेल्या पेशी तळाशी बसतात, त्या तेवढ्या वेचून घ्यायच्या. इतकी साधी युक्ती, आणि १९८० पर्यंत तिच्यातून वाहतुकीची तेवीस जनुकं हाती लागली. २०१३ चं नोबेल शेकमन, जेम्स रॉथमन आणि थॉमस स्युडहॉफ यांना मिळालं ते या मार्गावरच्या कामासाठी.

त्या तेविसांपैकी एक जनुक पुढे रॅब घराण्यातलं निघालं. रॅब ही छोटी प्रथिनं. माणसात ती साठाहून जास्त आहेत, फळमाशीत तिशीच्या आसपास. प्रत्येकाची जागा ठरलेली: अमुक पटलावर अमुक रॅब. जीटीपी नावाचा रेणू चिकटला की रॅब चालू होतं, त्याचा एक फॉस्फेट गळून जीडीपी झाला की बंद. चालू असताना ते पुटिकेला योग्य त्या प्रथिनांशी गाठ घालून देतं: ओढून नेणाऱ्या मोटर प्रथिनाशी आणि पोचल्यावर धरून ठेवणाऱ्या प्रथिनांशी. रॅबशिवाय पुटिकेला कुठं उतरायचं ते कळत नाही.

यातल्या रॅब११ चं मुख्य काम परतीचं. पेशी आपलं पटल सतत आत ओढत असते. आपल्या रक्षणासाठी जंतू गिळणारी महाभक्षी पेशी तर सुमारे अर्ध्या तासात स्वतःच्या अख्ख्या पृष्ठभागाएवढं पटल आत घेते. ते परत गेलं नाही तर तासाभरात तिच्याकडे अंगावर घालायला काही उरणार नाही. रक्तातलं कोलेस्टेरॉल पकडणारं ग्राही प्रथिन पहा. ते कोलेस्टेरॉलचा कण पकडून आत येतं, कण सोडतं आणि दहाएक मिनिटांत पुन्हा पृष्ठभागावर हजर होतं. वीसेक तासांच्या आयुष्यात त्याच्या शंभरावर फेऱ्या होतात. मुंबईत आरेच्या दुधाच्या काचेच्या बाटल्या होत्या तो काळ ज्यांना आठवतो त्यांना हे चटकन कळेल. रिकामी बाटली दिल्याशिवाय भरलेली मिळत नसे. परतीच्या बाटल्या अडकल्या तर डेअरीत दूध असूनही वाटप बंद. पेशीत परतीच्या मालाचा हिशेब ज्यांच्याकडे आहे त्यांत रॅब११ प्रमुख.

रॉय यांच्या प्रयोगशाळेनं विचारलेला प्रश्न यापुढचा होता. ताटलीत वाढवलेल्या एकसारख्या पेशींत रॅब११ काय करतं हे तोवर पुष्कळांनी पाहिलं होतं. पण प्राणी घडत असताना, जिथं पेशी एकमेकींना धरतात, सोडतात, आकार बदलतात, मरतात, तिथं परतीची वाट अडली तर काय होतं?

रॅब११ पूर्ण मोडलं तर उत्तर कळत नाही, कारण माशी अंड्यात किंवा अळीतच मरते. म्हणून हवी होती अर्धवट बिघडलेली माशी. ती मिळते उड्या मारणाऱ्या जनुकांच्या मदतीनं. पी-घटक नावाचा डीएनएचा तुकडा गुणसूत्रावर कुठंही जाऊन बसतो. तो रॅब११ मध्ये किंवा त्याच्या उंबऱ्यावर बसला तर जनुक दुबळं होतं, मरत नाही. हायडेलबर्गच्या कर्करोग संशोधन केंद्रातले बर्नार्ड मेकलर सोबत होते. २००५ साली निबंध आला: फळमाशीचा डोळा घडायला रॅब११ लागतं.

डोळाच का, तर तो लपवाछपवी करत नाही. माशीचा डोळा म्हणजे सुमारे आठशे नेत्रिका, षटकोनी, ओळीत बसवलेल्या. एकीत आठ प्रकाशग्राही पेशी, वर भिंग तयार करणाऱ्या चार, भोवती रंगद्रव्याच्या. मांडणी इतकी काटेकोर की एखादी पेशी कमी-जास्त झाली तरी ओळ विस्कटते आणि साध्या सूक्ष्मदर्शकाखाली डोळा खडबडीत दिसतो. दुबळ्या रॅब११ च्या माशांचे डोळे तसे होते.

खरं काम मात्र डोळा दिसायच्या आधीचं. अळी तिसऱ्या अवस्थेत भिंतीवर चढायला लागली की तिला उचलायचं. क्षाराच्या द्रावणाच्या थेंबात ठेवून एका सुईनं पोट दाबून धरायचं, दुसरीनं तोंडाचा काळा आकडा पकडून हलकेच ओढायचं. आकड्याबरोबर मेंदूचे दोन गोळे बाहेर येतात आणि त्यांना लगडलेल्या दोन पातळ, पारदर्शक पिशव्या. पुढच्या माशीचे डोळे आणि शृंगिका या पिशव्यांत आखून ठेवलेल्या असतात. जोर जास्त लागला तर पिशवी फाटते, कमी लागला तर चरबीत हरवते. नवख्याचे पहिले काही आठवडे यातच जातात. मग पिशवी रसायनात पक्की करायची, रॅब११ ला चिकटणारी प्रतिपिंडं लावायची, त्यांना चमकणारा रंग जोडायचा आणि कन्फोकल सूक्ष्मदर्शकाखाली थरामागून थर बघायचा. या विभागात विज्ञान आणि तंत्रज्ञान खात्याच्या मदतीनं कन्फोकलची राष्ट्रीय सुविधा उभी राहिली, त्याचा इथल्या कामाला मोठा हातभार लागला.

२००९ च्या निबंधात रॉय आणि त्यांच्या विद्यार्थ्यानं चित्र पुढे नेलं. रॅब११ बिघडलेल्या डोळ्यात नेत्रिकांतल्या पेशींची मांडणी चुकलेली होती आणि जेएनके नावाची संदेशसाखळी जागी झालेली होती. ही साखळी ताणतणावात चालू होते आणि अनेकदा पेशीला मृत्यूच्या वाटेवर नेते. मला या कामातली ही सगळ्यात लक्षात ठेवण्यासारखी बाब वाटते. वाहतूक अडली तर माल कमी पडेल इतकं कुणीही म्हणेल. इथं दिसलं ते असं की माल परतत नाही तेव्हा पेशी त्या बिघाडाला प्रतिसाद देते, आणि तो प्रतिसाद जनुकांच्या पातळीवर ओळखता येतो.

डोळ्यानंतर त्या प्रयोगशाळेनं एकेक अवयव घेतला. मादी-नरांची जननक्षमता: रॅब११ शिवाय नाही. भ्रूणातली चेतासंस्था: रॅब११ दुबळं असेल तर विस्कटलेली. २००९ साली स्नायू. स्नायूचा तंतू एका पेशीचा नसतो, अनेक पेशी पटलं विरघळवून एकमेकींत मिसळतात तेव्हा तो होतो. या मिसळण्यालाही रॅब११ लागतं असं त्यांनी दाखवलं. २०१० मध्ये पंख, पुन्हा जेएनके, जोडीला आणखी एक संदेशसाखळी. प्रयोगांचं हत्यार बहुतेक वेळा तेच. यीस्टमधून उचललेलं एक स्विच-प्रथिन माशीत घालून हव्या त्याच ऊतीत हवं ते जनुक चालू करता येतं. ही पद्धत अँड्रिया ब्रँड आणि नॉर्बर्ट पेरीमन यांची, १९९३ ची. एक अमिनो आम्ल बदललेलं, कायम बंद राहणारं रॅब११ नुसत्या पंखात चालवायचं आणि बाकीची माशी धडधाकट ठेवायची.

एक शंका इथं रास्त आहे. घरातली मुख्य तारच तोडली तर प्रत्येक खोलीत अंधार होणार, त्यात शोध कसला? यादी नुसती यादीच असती तर मीही हेच म्हणालो असतो. पण २०२० मध्ये याच गटाचे दोन निबंध आले, आणि त्यांत प्रत्येक ठिकाणचा अंधार वेगळा का, याचं उत्तर मिळायला लागतं.

पहिला माशीच्या पाठीबद्दल. भ्रूणाच्या वाढीत एक टप्पा असा येतो की त्याच्या पाठीवर त्वचा नसते, तिथं तात्पुरत्या पेशींचं एक पातळ आच्छादन असतं. दोन्ही कुशींची त्वचा दोन बाजूंनी वर सरकते, मध्यरेषेवर भेटते आणि कडा जुळतात. जुळल्या नाहीत तर भ्रूण पाठीला भगदाड घेऊन मरतं. आपली जखम भरते तेव्हा कातडीच्या पेशी ज्या हालचाली करतात त्यांच्याशी याचं साधर्म्य असल्यानं जगभर हा टप्पा आवडीनं अभ्यासला जातो. जेएनके आणि डीपीपी या दोन संदेशांनी तो चालतो. बनारसच्या गटानं दाखवलं की ‘एलजीएल’ हे जनुक इथं या संदेशांवर जो ताबा ठेवतं त्यासाठी रॅब११ आवश्यक आहे. एलजीएल हे माशीतलं अर्बुद रोखणारं जनुक, आणि मेकलर यांच्या कामाचा तो जुना विषय.

दुसरा निबंध माल्पिघी नलिकांवर. या नलिका म्हणजे कीटकांची मूत्रपिंडं. त्यांच्या भिंतीत मधूनमधून चांदणीच्या आकाराच्या पेशी असतात. त्या चांदण्या घडताना नॉच या ग्राही प्रथिनाचा संदेश लागतो, आणि तो नेहमीच्या वाटेनं येत नाही, रॅब११ च्या हातून जाणाऱ्या वेगळ्या वाटेनं येतो, असं त्यात मांडलं आहे. म्हणजे पाठीत रॅब११ ची गाठ एलजीएलशी, नलिकेत नॉचशी. वाहतूकदार एकच, माल वेगळा, म्हणून बिघाडही वेगळा. नॉचचं हे आत-बाहेर जाणं बनारसमध्येच दुसऱ्या एका विभागातही, मानवी आनुवंशिकीच्या, बारकाईनं अभ्यासलं जातं.

आता कॉलऱ्याकडे वळतो, कारण रॅब११ चा धागा तिथंही जातो. काशीत हा विषय परका नाही. गंगा आणि यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू मरतात असं निरीक्षण आग्र्याच्या अर्नेस्ट हँकिन यांनी १८९६ मध्येच नोंदवलं होतं. जंतू रोग घडवतो तो विष सोडून, हे १९५९ साली कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी सिद्ध केलं. नोबेल समितीनं त्यांची दखल घेतली नाही हा भारतीय विज्ञानातला सल आहे. हे विष पेशीत शिरतं तेच मुळी पुटिकांच्या वाटेनं, आणि तेही उलट्या दिशेनं. पृष्ठभागावरून आत, गॉल्जीकडे, तिथून आंतर्द्रव्यजालिकेत. पेशीनं माल बाहेर पाठवायला आखलेला रस्ता हे विष आत यायला वापरतं. आतड्याच्या पेशीत पोचल्यावर ते एक रासायनिक इशारा बेसुमार वाढवतं, क्षार बाहेर पडतात आणि त्यांच्यामागे पाणी. पाठ्यपुस्तकात गोष्ट इथं संपायची.

कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगो इथं ईथन बिअर यांच्या गटानं तिच्यात भर घातली. त्यांनी आधी अँथ्रॅक्सची विषं फळमाशीच्या पंखात बनवली. पंखाच्या शिरा आणि कडा अशा बिघडल्या की नॉचचा संदेश अडल्याची खूण जाणकाराला ओळखू यावी. माग काढत गेल्यावर सापडलं ते रॅब११, आणि त्याच्या जोडीनं पुटिकेला पटलावर बांधून धरणारं एक्सोसिस्ट नावाचं प्रथिनांचं संकुल. २०१० साली हे ‘नेचर’मध्ये आलं. २०१३ मध्ये त्यांनी दाखवलं की कॉलऱ्याचं विषही हीच वाट अडवतं, त्यामुळे आतड्याच्या दोन पेशींमधल्या जोडांना लागणारी प्रथिनं पोचत नाहीत, जोड सैल होतात आणि पाणी त्या फटींतूनही जातं. माशीच्या पंखावरून कॉलऱ्याच्या जुलाबापर्यंत कुणी पोचेल हे त्याच्या दहा वर्षं आधी सांगितलं असतं तर लोक हसले असते.

मेंदूच्या विकारांतही रॅब११ चं नाव येऊ लागलं आहे. हंटिंग्टन विकाराचा नमुना म्हणून वापरल्या जाणाऱ्या माशांत रॅब११ वाढवलं तर चेतापेशींच्या जोडांतला बिघाड कमी होतो असं इतरत्र दिसलं, आणि पार्किन्सनचा नमुना असलेल्या माशांवर बनारसच्या गटानंही तसं काम केलं. यावरून उद्या गोळी निघेल अशी आशा कुणी लावू नये. शरीरात सगळीकडे लागणारं प्रथिन वाढवणं किंवा घटवणं हा औषध म्हणून धोक्याचा मामला आहे, आणि रॅब११ वर थेट चालणारं औषध आज बाजारात नाही.

महाराष्ट्रात हा विषय दुसऱ्या टोकानं धरला गेला: पटल आत ओढताना पुटिकेची मान तुटते कशी? याचीही नायिका माशीच. १९७३ मध्ये कॅनडात डेव्हिड सुझुकी यांच्या गटानं अशा माशा वर्णन केल्या की ज्या एकोणतीस अंशांना नेल्या की लुळ्या पडतात आणि गार केल्या की काही मिनिटांत उठून उडतात. त्यांच्या चेतापेशींत पुटिका अर्धवट तयार होऊन मानेशी अडकलेल्या असत. बिघडलेलं प्रथिन डायनॅमिन, हे १९९१ साली कळलं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत के. एस. कृष्णन यांनी या माशांवर वर्षानुवर्षं काम केलं. पुण्याच्या आयसरमध्ये थॉमस पुकाडिल यांनी माशीही बाजूला ठेवली. काचेवर पटलाच्या बारीक नळ्या बनवायच्या, त्यांवर शुद्ध डायनॅमिन सोडायचं आणि नळी तुटताना सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची. या कामासाठी त्यांना २०१८ चा भटनागर पुरस्कार मिळाला. पुण्याच्या काचपट्टीवर प्रथिनाची ताकद मोजता येते. रॅब११ सारखं प्रथिन बिघडलं की पाठ जुळत नाही, हे काचपट्टी सांगू शकत नाही. त्यासाठी अख्खा प्राणी लागतो, आणि बनारसच्या कामाचं मोल माझ्या मते तिथं आहे.

आणखी एक फरक संस्थांचा. टाटा संस्था ही संशोधनासाठी मुद्दाम उभी केलेली संस्था. विद्यापीठाच्या विभागात प्राध्यापकाला बी.एस्सी.च्या पोरांचे तास असतात, परीक्षा असतात, उत्तरपत्रिका असतात. उपकरणांचा पैसा मागून आणावा लागतो. अशा जागी एकाच जनुकाला पंधरा-वीस वर्षं चिकटून राहायचं याला चिकाटी लागते आणि जरा हट्टही. त्याचा एक फायदा आकड्यांत दिसत नाही: रॅब११ चे निबंध जिथं लिहिले गेले त्याच इमारतीत एम.एस्सी.चे विद्यार्थी अळीचा आकडा ओढायला शिकत होते. त्या निबंधांवर विद्यार्थी म्हणून ज्यांची नावं आहेत त्यांच्यापैकी कुणी पुढे बर्धमानला, कुणी गांधीनगरला, कुणी भुवनेश्वरला, कुणी मोहालीला स्वतःच्या प्रयोगशाळा थाटल्या.

आपल्याकडची मुलं पेशीविज्ञानात पीएच.डी. करायचं म्हटलं की पुणे, मुंबई, बंगळुरू आणि परदेश एवढीच नावं घेतात. सीएसआयआर-नेटची फेलोशिप मिळाली तर ती मान्यताप्राप्त विद्यापीठातही घेऊन जाता येते. अर्जांची यादी करताना तिच्यात बनारसच्या प्राणिशास्त्र विभागासारखे विभागही लिहा, आणि तिथले गेल्या पाच वर्षांतले निबंध आधी वाचून जा.